सगळ्या चौकोनांत बरोबरची खूण

"आई, तू ऊठ बघू. मी करते."

हे वाक्य आपल्यापैकी किती घरांत रोज ऐकू येतं, ते ज्याचं त्यानं आपल्या मनाशी मोजावं. कुठला अर्ज असो, तिकीट असो, साधं पत्र असो. घरातलं वयानं मोठं माणूस संगणकासमोर बसलं, की पाठीमागून एक तरुण हात येतो, माउस ताब्यात घेतो आणि खुर्ची रिकामी करायला सांगतो. त्या हातात प्रेम असतं, घाई असते. आणि आणखीही काहीतरी असतं. त्या 'आणखी काहीतरी'ची ही गोष्ट आहे.

गोष्टीतल्या बाईंना सगळे सूचीताई म्हणत. सार्वजनिक ग्रंथालयात बावीस वर्षं त्या पुस्तकांची सूची करत होत्या. नवं पुस्तक आलं की आधी त्यांच्या टेबलावर यायचं. त्या ते चाळायच्या, विषय ठरवायच्या, वर्गांक द्यायच्या आणि टपोऱ्या अक्षरात त्याचं कार्ड लिहायच्या. एखादा वाचक यायचा आणि डोकं खाजवत म्हणायचा, "ताई, ते निळ्या कव्हरचं पुस्तक, त्यात नदी का धरण असं काहीतरी होतं..." तर ताई हातातलं लिहिणं न थांबवता सांगायच्या, "तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. आणि धरण नाही, कालवा आहे तो."

ग्रंथपाल पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. कार्यकारी मंडळानं ताईंना बोलावून सांगितलं, "ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्या, मग ती खुर्ची तुमचीच." सत्तेचाळिसाव्या वर्षी ताईंनी विद्यापीठात अर्ज केला, मुलाखत दिली आणि त्यांची निवड झाली. आठवड्यातून तीन सकाळी वर्ग आणि दुपारनंतर ग्रंथालय, असं ठरलं.

निवडीच्या पत्रासोबत आणखी एक कागद होता. वर लिहिलं होतं: 'प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास पुढील गोष्टी येत असाव्यात.' खाली अकरा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे एक रिकामा चौकोन. फाइल साठवता येणं आणि पुन्हा शोधता येणं, ई-मेलला फाइल जोडणं, स्प्रेडशीटमध्ये तक्ता करणं, तो हव्या त्या क्रमानं लावणं, दूरच्या ग्रंथालयाच्या सूचीत शोध घेणं, असं बरंच काही. शेवटी ठळक अक्षरात: 'हे वर्गात शिकवले जाणार नाही.'

ताईंनी पेन्सिल घेतली आणि प्रामाणिकपणे तीन चौकोनांत खूण केली. आठ रिकामे राहिले.

ग्रंथालयातला एकुलता एक संगणक ग्रंथपालांच्या टेबलावर, कापडी झाकणाखाली असे. घरचा संगणक होता लेकीचा. लेक चोवीस वर्षांची, विमा कार्यालयाच्या ग्राहक काउंटरवर नोकरीला. हुशार, तुरुतुरु बोलणारी, आईवर जीव टाकणारी. ताईंच्या नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरात बहुतेक वेळ या दोघीच.

ताई तिला म्हणाल्या, "हे बघ, मला यातलं आठ येत नाही. दीड महिना आहे हातात. तू शिकव."

"त्यात काय मोठंसं! रविवारी बसू."

रविवार आला. ताई खुर्चीवर बसल्या, माउस धरला. पडद्यावरचा बाण भलतीकडे पळाला. दुसऱ्या मिनिटाला पाठीमागून हात आला. "अगं, तिथे नाही, इथे. थांब. ऊठ बघू, मी करते." आणि खटखट, खटखट, झालं. "कळलं ना?" ताईंना काय कळणार? धावत्या गाडीतून दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं ते! दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्याला तेच. चौथ्या रविवारी लेक आपणहून संगणकासमोर बसली आणि म्हणाली, "तुझ्या अर्जाचं थोडं राहिलंय. तू चहा टाक जा."

ताई चहा घेऊन आल्या, वाळलेले कपडे काढून घड्या घालून झाल्या, तोवर लेकीचं काम उरकलं होतं. पडद्यावर तोच अकरा ओळींचा कागद होता आणि सगळ्या चौकोनांत बरोबरची खूण होती.

"अगं, पण मला हे येत नाही!"

"सगळेच असं भरतात. कोण बघतंय? आणि तिथे गेल्यावर शिकवतातच की."

'शिकवले जाणार नाही' ही ठळक ओळ ताईंना आठवली, पण त्या गप्प बसल्या. गोष्ट सांगणाऱ्यानं हे लपवू नये. त्या वेळी ताई गप्प बसल्या.

वर्ग सुरू झाले. पहिल्याच सकाळी विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांना संगणक कक्षात नेलं. चोवीस विद्यार्थी, बहुतेक लेकीच्याच वयाचे. मॅडम म्हणाल्या, "प्रवेशाआधी तुम्ही घरून जी ऑनलाइन चाचणी दिलीत, तिचे गुण माझ्याकडे आहेत. सगळ्यात जास्त, शंभरपैकी चौऱ्याण्णव, मिळालेत..." आणि त्यांनी ताईंचं नाव घेतलं.

ताईंना वाटलं, याच नावाचं दुसरं कुणीतरी असेल. कुठली चाचणी? त्यांनी कधी दिली चाचणी?

"या ना पुढे, ताई," मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "या तरुणांना वाटतं संगणक म्हणजे आपलीच मक्तेदारी. यांना जरा दाखवा. दोनशे पुस्तकांची यादी आहे. ती लेखकाच्या नावानं अकारविल्हे लावून द्यायची, बस."

ताईंचे पाय पुढे गेले. कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर यादी दिसत होती. एका उभ्या रांगेत पुस्तकाचं नाव, शेजारच्या रांगेत लेखकाचं, मग वर्गांक. ताईंनी लेखकांची रांग निवडली. लेक असंच काहीतरी करायची. कुठलंसं बटण दाबलं. संगणकानं एक प्रश्न विचारला, तो पुरता न वाचताच त्यांनी 'हो' केलं.

लेखकांची नावं झरझर हलली आणि अकारविल्हे लागली. पण पुस्तकांची नावं होती तिथेच राहिली! बाळाच्या संगोपनाच्या पुस्तकापुढे पूल बांधणाऱ्या अभियंत्याचं नाव आलं. गुरांच्या रोगांवरच्या पुस्तकापुढे एक कवयित्री येऊन बसली.

"थांबा, हे चुकलं! लेखक सरकले!" ताईच पहिल्यांदा ओरडल्या. दोनशे पुस्तकं दोनशे भलत्याच माणसांच्या नावावर गेली होती. बावीस वर्षं ज्या बाईनं एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, तिच्या हातून! आणि ते परत कसं आणायचं ते त्यांना येत नव्हतं. त्या एकेक बटण दाबत राहिल्या आणि यादी आणखी विस्कटत गेली.

मागच्या बाकावरून एक चष्मेवाला मुलगा म्हणाला, "चौऱ्याण्णव गुण!" दोघंतिघं हसली.

मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी ताईंना बाजूला घेतलं. "ती चाचणी तुम्हीच दिली होतीत का?"

ताई एवढंच म्हणाल्या, "मला उद्यापर्यंत वेळ द्या."

संध्याकाळी लेक कामावरून आली तेव्हा ताई संगणकासमोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या. संगणक बंद होता.

"माझ्या नावानं परीक्षा दिलीस?"

लेकीनं पर्स खाली ठेवली. क्षणभर तिला वाटलं असेल की हसण्यावारी न्यावं. "अगं, वीस मिनिटांची तर होती. त्याला काय परीक्षा म्हणायचं?"

"मला चहा करायला पाठवलंस आणि माझी परीक्षा दिलीस. मला सांगितलंसुद्धा नाहीस."

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आई, मी हे तुझ्यासाठीच केलं ना?"

"माझ्यासाठी केलंस, का माझ्याऐवजी केलंस?"

लेक चिडून म्हणाली, "तू दिली असतीस तर नापास झाली असतीस! मग? झाला असता प्रवेश?"

हेच ते. खोटी खूण, चोरून दिलेली चाचणी, सगळं एकवेळ पोटात घालता आलं असतं. पण पोटच्या पोरीनं परीक्षेआधीच आपल्याला नापास करून टाकलं होतं! बोट धरून जिला अक्षरं गिरवायला शिकवली, ढ पोरगी म्हणून शाळेतल्या बाईंनी वर्गात मागे बसवलं तेव्हा जिच्यासाठी आपण शाळेत जाऊन भांडलो, तिनं चार रविवारांत हिशेब करून टाकला, की आईला हे येणं शक्य नाही. आणि तो निकाल आईला कळवण्याचीही तिला गरज वाटली नव्हती.

"मला वाटत होतं, शिकवायला तुला वेळ नाही," ताई हळूच म्हणाल्या. "वेळ होता गं तुझ्याकडे. भरवसा नव्हता."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. लेक मागून आली, "आई, ऐक तरी," म्हणाली. पण ताईंनी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. एरवी भांडी लेक घासायची.

दुसऱ्या दिवशी ताई विभागात पोचल्या त्या प्रवेश सोडण्याच्याच तयारीनं. मॅडम यायच्या होत्या. व्हरांड्याच्या टोकाला पुस्तकबांधणीची खोली होती. तिच्या दाराशी बाकावर त्या बसल्या. आत खळीचा वास, कापलेल्या पुठ्ठ्यांचे ढीग आणि या सगळ्यात एक संगणक. एक म्हातारेसे गृहस्थ जुन्या वहीचं पान यंत्राच्या काचेवर ठेवून पडद्यावर त्याचं चित्र उमटवत होते. विभागात सगळे त्यांना बांधणीकाका म्हणत.

"कालच्या दोनशे पुस्तकांच्या ताई तुम्हीच ना?" काकांनी विचारलं.

ताईंचा चेहरा पडला. "इथवर पोचली का बातमी?"

"बातमीला पाय कुठे लागतात? पाणी घ्या."

पाणी पिता पिता ताईंना रडू आलं, आणि परक्या माणसाजवळ बोलणं कधीकधी सोपं असतं म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. "प्रवेश सोडते मी. पोरीचं नाव निघायला नको. म्हणेन, जमत नाही."

"म्हणजे तिनं तुमच्याबद्दल जे ठरवलं, त्यावर तुम्हीच सही करणार म्हणा की!" काका म्हणाले. "हे बघा, मला छप्पन्नाव्या वर्षी हे यंत्र समोर आणून दिलं. मी काय केलं? हाताखालच्या माणसाला म्हणायचो, तू कर, माझा चष्मा घरी राहिलाय. दीड वर्ष माझा चष्मा घरी होता! एकदा तो माणूस आठ दिवस रजेवर गेला आणि एका दुर्मीळ हस्तलिखिताची पानं मी उलटसुलट लावली. अजून डोळ्यांसमोरून जात नाही ते."

"मग?"

"मग चष्मा सापडला," काका हसले. "ताई, कालची चूक वर्गात सगळ्यात आधी कुणाला दिसली?"

"मलाच."

"का दिसली? त्या पोरांना बटणं येतात. पण पुस्तक आणि लेखक यांची फारकत झाली, हे पाहून ज्याच्या काळजात चर्र होतं, तो ग्रंथपाल. ते बावीस वर्षांनी येतं. बटणं सहा आठवड्यांत येतात. पण ज्याचं त्यानं शिकावं लागतं. दुसऱ्याच्या जेवणानं आपलं पोट भरत नाही."

काकांनी पान उलटलं आणि सहज विचारलं, "तुमच्या ग्रंथालयात वाचकाला सूची कशी बघायची ते येतं का हो?"

"त्यांना कशाला यायला हवं? मी सांगते ना कुठलं कपाट ते..." आणि ताई वाक्याच्या मध्येच थांबल्या.

अरे! बावीस वर्षं आपण तरी काय केलं? वाचकानं कार्डांचा खण उघडला की आपण म्हणायचो, 'राहू द्या, तुम्हाला नाही सापडायचं.' किती जणांना आपण असं उठवलं खुर्चीवरून! किती जण हसून बाजूला झाले, आणि त्यांच्या मनात काय आलं ते आपण कधी विचारलंच नाही!

मॅडम आल्या. ताईंनी सगळं सांगितलं. लेकीनं चाचणी दिली हेही, आणि खुणा पाहून आपण गप्प बसलो हेही. मग म्हणाल्या, "जी शिक्षा असेल ती द्या. फक्त एक बोलू का? त्या कागदावर तुम्ही 'येत असाव्यात' असं लिहिलंत. ज्याला येत नाही त्यानं कुठे जावं, हे मात्र लिहिलं नाहीत. रिकामा चौकोन ठेवला तर जागा जाईल या भीतीनं माणसं खोटं लिहितात. खोटं आम्ही लिहिलं, ते चुकलंच. पण भीती तुमच्या कागदात होती."

मॅडमनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं. "तुमचा प्रवेश मला स्थगित ठेवावा लागेल," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे. मग इथे, माझ्यासमोर पुन्हा चाचणी. पन्नासच्या खाली गेलात तर जागा दुसऱ्याला जाईल. आणि कागदाचं तुम्ही म्हणता ते..." त्या उठल्या. "चला माझ्याबरोबर."

वर्गात जाऊन मॅडमनी विचारलं, "अकराच्या अकरा खुणा खऱ्या आहेत, असं किती जण सांगू शकतील? आज खरं बोलणाऱ्याचा प्रवेश जाणार नाही. त्याला इथेच शिकायला मिळेल आणि चाचणी पुन्हा देता येईल."

कुणी हललं नाही. तेव्हा ताई उभ्या राहिल्या. "मला तीनच येतात," त्या म्हणाल्या. "बाकीच्या आठ खुणा माझ्या नव्हत्या."

आणि मग मागच्या बाकावरून हात वर आला. कालचा चष्मेवाला! "मॅडम, मला सात येतात. स्प्रेडशीट माझ्या दादानं केलं." पाठोपाठ आणखी एक हात, मग आणखी दोन. बघता बघता ताईंना धरून चोवीसपैकी नऊ जण निघाले! जन्मापासून मोबाइल हातात असलेली ही पोरं, आणि त्यांनाही फाइल कुठे साठते ते ठाऊक नव्हतं! अडाणीपणा वयात नसतोच मुळी, तो लपवण्यात असतो.

दुसऱ्या आठवड्यापासून वर्गाआधी एक तास संगणक कक्ष या नऊ जणांसाठी उघडा राहू लागला. मॅडमनी शिकवायला बांधणीकाकांना बसवलं. काकांचा एकच नियम होता: शिकवणाऱ्याचे हात खिशात. कुणी कितीही अडलं तरी ते खिशातून हात काढायचे नाहीत. "वाचा, संगणक काय विचारतोय. तो प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर द्यायच्या आधी प्रश्न वाचावा, इतकी साधी रीत आहे माणसांची." ताई चुकायच्या, पुन्हा करायच्या. कधी फाइल हरवायची आणि त्या अख्खा तास ती शोधण्यात घालवायच्या. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांनी हरवलेल्या फाइली शोधायची एक पद्धत स्वतःच बसवली आणि ती चष्मेवाल्याला शिकवली. दोन्ही हात पदराखाली घेऊन.

घरी मात्र अबोला होता. लेक म्हणाली, "आई, मी शिकवते ना, खरंच." ताई म्हणाल्या, "तुझ्याकडून नको." त्या एवढं कठोर आयुष्यात कुणाशी बोलल्या नव्हत्या. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना दिसलं. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही. फसवणूक परक्यानं केली तर माणूस दार लावून घेतो. घरच्यानं केली तर कुठलं दार लावायचं?

असा महिना गेला. एका दुपारी लेकीच्या काउंटरवर एक वृद्ध बाई आल्या. त्या मोबाइलवर काहीतरी चाचपडत होत्या, मागे रांग वाढत होती. लेकीनं सवयीनं हात पुढे केला. "द्या इकडे आजी, मी करते." बाईंनी मुकाट्यानं मोबाइल दिला आणि मान खाली घातली. लेकीनं ती मान पाहिली. रोज दहा जण अशीच मान खाली घालत असतील. पण त्या दिवशी तिला त्या मानेत आपली आई दिसली.

संध्याकाळी ती ताईंसमोर येऊन उभी राहिली. "आई, तुला घाईघाईत शिकवलं म्हणून तुला आलं नाही. आणि तुला येत नाही असं धरून चालले म्हणून घाई केली. तू नापास होशील याची मला तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. माझं चुकलं."

ताईंनी तिला जवळ घेतलं. "राग गेला माझा," त्या म्हणाल्या. "पण सल आहे अजून. तो काही 'चुकलं' म्हटल्यानं लगेच जायचा नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

"राहू दे," लेक म्हणाली. "मी थांबेन."

सहा आठवड्यांनी ताईंनी मॅडमसमोर चाचणी दिली. वीस मिनिटांची चाचणी, त्यांना पूर्ण वेळ लागला. दोन प्रश्न सुटले नाहीत. गुण मिळाले अडुसष्ट. प्रवेश पक्का झाला. पुढच्या वर्षीच्या कागदावरही एक ओळ वाढली: 'यांपैकी जे येत नसेल त्यापुढचा चौकोन निःसंकोच रिकामा ठेवावा. ते शिकण्याची सोय विभागात आहे.' अकरा गोष्टींपैकी एकही कमी केली नव्हती.

आणि विमा कार्यालयाच्या काउंटरवर आता एक जास्तीची खुर्ची असते. कुणी अडलं की लेक त्यांना शेजारी बसवते, स्वतःचे हात मांडीवर घेते आणि म्हणते, "तुम्ही दाबा. मी सांगते. रांग थांबेल."

वाचकहो, काळ बदलला की नव्या गोष्टी शिकाव्याच लागतात. त्याला कुणाचाच इलाज नाही. पण आपल्या माणसाचं काम त्याच्या हातातून काढून घेणं म्हणजे मदत नव्हे. त्यानं त्याचं काम होतं आणि त्याचा हात मात्र कायमचा अधू राहतो. 'मला येत नाही' असं म्हणणाऱ्याला हसू नका, आणि 'तुला येणार नाही' असं कुणाच्या मागे ठरवू नका. चार वेळा चुकू द्या, पाचव्यांदा चुकू द्या. मायेच्या माणसाला द्यायची सगळ्यात मोठी गोष्ट भरवसा आहे, आणि तो चोरून नाही, तोंडावर द्यायचा असतो.